जाळी बदलली!

जपानच्या ओसाका शहरात त्सुरुहाशी स्टेशनबाहेर पडलं, की खमंग वास येतो. तो 'याकिनिकु'चा, म्हणजे भाजलेल्या मांसाचा! इथल्या कोरियन वस्तीनं तो रुजवला.

माझी जपानी मैत्रीण मला तिथल्या एका झकपक हॉटेलात घेऊन गेली. टेबलाच्या मधोमध शेगडी! आपलं आपण भाजायचं. कच्च्या मांसाला चिमटा वेगळा, खायच्या काड्या वेगळ्या. तिनं गोमांस जाळीवर ठेवलं नि माझ्या पोटात गोळा आला. मी ते खात नाही, हे सांगू कसं? शेवटी भीतभीतच सांगितलं. ती हसली आणि तिनं चक्क जाळीच बदलून घेतली! मग कोंबडी, भोपळा, मका भाजला. जेवणाआधी म्हणतात तसं "इतादाकिमास" म्हणून आम्ही जेवायला लागलो.

लाजून गप्प बसले असते, तर उपाशीच परतले असते ना!