दगड उचलण्याआधी

ओढ्यातल्या किड्यांचं काम शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी पाण्यात पाय घातला की आधी दगड उचलतो. मी त्याला थांबवते. पाणी त्या दगडावरून जातंय की बाजूने, वर कुठल्या झाडाची सावली आहे, पाण्याचा पृष्ठभाग कुठे गुळगुळीत आहे आणि कुठे फुटलाय, हे आधी वहीत उतरव म्हणते. दगड एकदा हातात आला की ही माहिती परत मिळत नाही. आणि ज्या प्राण्यावर मी काम करते, त्याच्या बाबतीत ही माहिती म्हणजे निम्मा अभ्यास आहे.

हा प्राणी म्हणजे काळी माशी, शास्त्रीय नाव सिम्युलियम. दार्जिलिंगकडे तिला पिपसा म्हणतात, अरुणाचलात डिमडाम. तिथे ती चावते आणि चावल्या जागी रक्ताचा ठिपका उठतो. आमच्या रायगडात ती कुणाच्या तोंडी नाही, कारण इकडे तिचा उपद्रव फारसा जाणवत नाही. मला मात्र ती माशी होण्याआधीच हवी असते. तिची अळी वाहत्या पाण्यातच वाढते. साचलेल्या पाण्यात ती टिकत नाही. दगडावर ती तोंडातून रेशमाची एक इवलीशी गादी विणते आणि शरीराच्या मागच्या टोकाला असलेल्या आकड्यांच्या कड्याने त्या गादीत स्वतःला अडकवून घेते. मग प्रवाहाच्या दिशेने वाकून, अंगाला पीळ देऊन, डोक्यावरचे दोन पंखे उघडते. पाण्याबरोबर येणारे बारीक कण, शेवाळाचे तुकडे, अगदी जिवाणूसुद्धा त्या पंख्यांत अडकतात. पंखा मिटायचा, तोंडापाशी नेऊन झाडायचा, पुन्हा उघडायचा. पूर्ण वाढलेली अळी सात-आठ मिलिमीटरची असते. पण हजारो अळ्या मिळून ओढ्यातलं धूसर, विखुरलेलं अन्न घट्ट विष्ठेच्या कणांत बदलतात. ते कण तळाशी बसतात आणि तिथल्या दुसऱ्या जिवांचं पोट भरतं.

आमच्या किनाऱ्याचे ओढे आखूड आणि उतावळे. सागरगडच्या सावलीत सुरू झालेलं पाणी कातळावरून उड्या मारत उतरतं, आमराई आणि भातखाचरांतून जातं आणि खाडीला मिळतं. डोंगरापासून खाडीपर्यंत पंधरा किलोमीटरसुद्धा भरत नाहीत. मोठ्या नदीला जे बदल करायला शेकडो किलोमीटर लागतात, ते इथे एका सकाळच्या चालण्यात दिसतात. वर गार, सावलीतलं, पानांच्या कचऱ्यावर जगणारं पाणी. मध्ये ऊन लागलेलं, शेवाळलेलं पाणी. खाली पाटांतून संथ सरकणारं, गढूळ, शेतांतून खत घेऊन आलेलं पाणी. जिथवर खाडीचं खारं पाणी चढतं, तिथे काळ्या माशीची हद्द संपते. फणसाडच्या जंगलात, जे एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान होतं आणि १९८६ मध्ये अभयारण्य झालं, बारमाही पाण्याच्या जागांना ‘गाण’ म्हणतात. गाणाचं पाणी उन्हाळ्यातही असतं, पण ते वाहतं असेल तरच माझ्या कामाचं.

या छोट्या पट्ट्यात एकमेकींच्या अगदी जवळच्या जाती राहतात, आणि त्या सरमिसळ राहत नाहीत. एक जात वेगवान पाण्यातल्या उघड्या कातळावर, दुसरी त्याच ओढ्याच्या कडेला, पाण्यात लोंबणाऱ्या गवताच्या पात्यावर. दोन जागांत अंतर हातभर. म्हणून मी वेग मोजायला शिकवते. महागडं यंत्र नसलं तरी चालतं. सपाट पट्टी प्रवाहात उभी धरायची. आधी तिची धार प्रवाहाकडे करून पाण्याची उंची बघायची, मग रुंद बाजू प्रवाहाकडे वळवून पुन्हा बघायची. पाणी पट्टीवर चढतं. एक सेंटिमीटर चढलं तर वेग सेकंदाला साधारण ४४ सेंटिमीटर. पाच सेंटिमीटर चढलं तर जवळजवळ एक मीटर. शाळेतल्या भौतिकशास्त्राचं एक समीकरण आणि बारा रुपयांची पट्टी, एवढ्यावर काम भागतं. हे माप त्याच जागेचं हवं, ओढ्याच्या मधोमध घेतलेलं नको. ओढ्याचा सरासरी वेग अळीच्या काही कामाचा नसतो. तिच्या पंख्यावर आदळतं तेवढंच पाणी तिचं.

खेकडे धरायला येणाऱ्या कातकरी बायकांना हे माझ्याआधीपासून कळतं. एका मावशीने मला सांगितलं होतं, “या दगडाखाली नाय मिळायचा, हितं पाणी जोरात हाय.” दगडाकडे बघण्याआधी त्या पाण्याकडे बघत होत्या. केनियात सिम्युलियम नेव्हाय नावाच्या जातीच्या अळ्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्याच पाठीवर सापडल्या, आणि तेही १९५० मध्ये. त्याआधी दगड, पानं, मुळं सगळं शोधूनही ती अळी हाती लागत नव्हती.

नोंद झाली की मग दगड उचलायचा. पांढऱ्या ट्रेमध्ये थोडं ओढ्याचंच पाणी घालून त्यात दगड धरायचा आणि मऊ कुंचल्याने अळ्या उतरवायच्या. चिमटा शेवटी, कारण चिमट्याने पंखे मोडतात. मला सगळ्यात जास्त हवी असते ती शेवटच्या अवस्थेतली अळी. तिच्या छातीच्या दोन्ही बाजूंना एकेक काळसर डाग दिसतो. तो डाग म्हणजे कोशावस्थेत बाहेर येणाऱ्या कल्ल्यांच्या गुंडाळून ठेवलेल्या तंतूंचा अंकुर. सूक्ष्मदर्शकाखाली दोन सुयांनी तो अंकुर उकलायचा, तंतू सरळ पसरायचे आणि मोजायचे. कुणाचे चार, कुणाचे सहा, कुणाचे आठ, कुणाचे दहा. ते कुठे फाटे फोडतात, कोणता जाड, कोणता लांब, हे पाहत ओळख पटत जाते. हात थरथरला तर तंतू तुटतो आणि सहाचे पाच होतात. म्हणून दोन्ही बाजूंचे अंकुर उकलायचे.

कोश सापडला तर तो अल्कोहोलमध्ये टाकायची घाई करायची नाही. सपातेसारखं रेशमी घर करून कोश दगडाला चिकटलेला असतो, बंद बाजू प्रवाहाकडे. तो ओलसर कापसावर वेगळ्या कुपीत ठेवायचा. माशी बाहेर आली की तिला एक दिवस कडक होऊ द्यायचं आणि तिच्या कोशाच्या सालीसकट जपायचं. अळी, कोश आणि माशी एकाच जातीचे आहेत हे सांगण्याचा खात्रीचा रस्ता म्हणजे त्यांना एका कुपीत जुळवणं. ब्रुनेट्टी यांनी १९११-१२ च्या सुमारास आणि पुरी यांनी १९३० च्या दशकात भारतातल्या काळ्या माश्यांची वर्णनं केली. आजही ओळख पटवताना आपण त्यांच्या नावांपाशी येतो. त्यांतली सिम्युलियम ऑरिओहर्टम ही जात भारतापासून जपानपर्यंत नोंदलेली आहे. एवढ्या पट्ट्यात पसरलेली एकच जात म्हटली की या कामातला माणूस सावध होतो.

सावध होण्याचं कारण असं की तंतू, केस, पंखे सगळं जुळूनही जाती वेगळ्या असू शकतात. काळ्या माशीच्या अळीच्या लाळग्रंथींत प्रचंड जाड गुणसूत्रं असतात, त्यांच्यावर काळे-पांढरे पट्टे असतात आणि पट्ट्यांचा क्रम वाचता येतो. टोरोंटोत क्लॉस रॉथफेल्स यांनी १९५० च्या दशकात हे वाचन उभं केलं. १९६६ मध्ये डनबर यांनी युगांडातल्या अळ्या वाचून दाखवलं की ज्या माशीला सगळे सिम्युलियम डॅम्नोसम म्हणत होते, त्या एका नावाखाली चार जाती आहेत. पुढे ही संख्या वाढतच गेली. हीच माशी आफ्रिकेत नदीकाठच्या गावांत अंधत्व पसरवते. गवताळ प्रदेशातल्या जाती आणि दाट जंगलातल्या छोट्या, सावलीच्या ओढ्यांतल्या जाती वेगळ्या, आणि डोळे घालवणाऱ्या रोगाची तीव्रताही त्याप्रमाणे वेगळी. पश्चिम आफ्रिकेत १९७४ ते २००२ या काळात नद्यांवर दर आठवड्याला विमानांतून आणि हेलिकॉप्टरांतून अळीनाशक टाकलं जात होतं. १९८० च्या सुमारास औषधाला दाद न देणाऱ्या अळ्या दिसल्या, त्या प्रथम जंगलातल्या जातींत. जाती वेगळ्या ओळखता आल्या नसत्या तर औषध कुठे बदलायचं आणि कुठे नाही, हे ठरवता आलं नसतं.

आपल्याकडे तो रोग नाही, म्हणून प्रश्न गौण ठरत नाही. मला आपल्या ओढ्यांच्या दृष्टीने जवळचं वाटतं ते कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचं काम. तिथल्या ॲव्हलॉन द्वीपकल्पावर, समुद्राला लागून असलेल्या छोट्या ओढ्यांत, मॅकक्रीडी आणि कोल्बो यांनी डोळ्यांना एकच दिसणाऱ्या अळ्यांचे प्रकार गुणसूत्रांवरून वेगळे केले आणि ते कुठल्या ओढ्यात का राहतात ते तपासलं. प्रकारांची वाटणी ओढ्याच्या गुणांशी जोडलेली निघाली. सूक्ष्मदर्शक ज्यांना एक म्हणतो, त्यांना ओढा वेगळं ठेवत होता. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की दोन जागांच्या अळ्या हुबेहूब दिसल्या तरी एका कुपीत घालायच्या नाहीत. काही अळ्या तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात, ओढ्याच्या काठावरच, जिवंत असतानाच टाकायच्या. घरी येऊन टाकल्या तर गुणसूत्रं वाचण्याजोगी राहत नाहीत.

पंख्यांवर फार भिस्त ठेवू नये, हेही सांगायला हवं. संथ पाण्यातल्या जातींचे पंखे साधारणपणे मोठे, जोरकस पाण्यातल्यांचे आखूड आणि दणकट. पण एकाच जातीत अन्न कमी-जास्त झालं तरी पंख्याच्या काड्यांची संख्या बदलते. जागा लिहिलेली नसेल तर पंखा पाहून माणूस फसतो.

या जिल्ह्यात एक ओढा नव्हे, एक नदी अशी आहे जिचा वेग पट्टीवर एकदा मोजून काहीच कळत नाही. मुळशी धरणाचं पाणी, जे एरवी मुळा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं, ते सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं आणि कुंडलिकेत सोडलं जातं. भिरा १९२७ पासून चालू आहे. त्याआधी, १९२१ मध्ये, सेनापती बापटांनी त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा केला होता. भिऱ्याखाली कोलाडपर्यंत नदी वीज किती हवी त्यावर चढते आणि उतरते. सकाळी राफ्टिंगच्या बोटी ज्या पाण्यावर जातात, ते दुपारी तेवढं नसतं. शेजारचे ओहोळ मार्चमध्ये कोरडे पडले तरी ही नदी वाहती असते, आणि धरणातून येणाऱ्या पाण्यात अळीला लागणारं बारीक अन्न भरपूर असतं. पण कडेच्या दगडावर बसलेल्या अळीला काही तासांत पाणी सोडून जातं. ती रेशमाच्या धाग्यावर खाली सरकली तर वाचते. अशा नदीत कुठली जात टिकते आणि तिची जवळची बहीण का टिकत नाही, हे समजायचं तर मधोमधच्या आणि कडेच्या दगडांच्या कुप्या वेगळ्या हव्यात आणि प्रत्येक चिठ्ठीवर पाणी सोडल्याची वेळ हवी.

आपल्या कॉलेजांच्या संग्रहालयांत किड्यांच्या कितीतरी कुप्यांवर फक्त ‘ओढा, रायगड’ एवढंच लिहिलेलं असतं. त्या कुपीतला प्राणी कुठल्या पाण्यात जगत होता, हे आता कुणालाही परत आणता येणार नाही. ऑक्टोबरात पाणी नितळ झाल्यावर तुम्ही किंवा तुमचे विद्यार्थी ओढ्यावर जाणार असाल, तर चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, कारण शाई अल्कोहोलमध्ये उतरते. गाव, ओढा, तारीख, वेळ, खोली, पट्टीवर चढलेलं पाणी, ऊन की सावली, दगड की पान की गवत, एवढं लिहा आणि चिठ्ठी कुपीच्या आत टाका. मग दगड होता तिथे, होता तसाच परत ठेवा. त्याच्यावर अजून अळ्या आहेत.