जामोदची रेल्वे आणि सातपुड्याचे पाणी

जळगाव म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे खानदेशातले केळीचे जळगाव येते. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगावला म्हणूनच शेजारच्या जामोद गावाचे नाव जोडावे लागले, आणि ते जळगाव जामोद झाले. दोन्ही जळगावांत आणखी एक मोठा फरक आहे. ते रेल्वेचे जंक्शन आहे आणि ह्याला आगगाडीच नाही. मुंबई-नागपूर मार्गावर नांदुऱ्याला उतरायचे, एस.टी. धरायची, येरळीच्या पुलावरून पूर्णा ओलांडायची, आसलगाव मागे टाकायचे. की मग सातपुड्याची निळी ओळ समोर उभी राहते आणि गाव येते.

हा रस्ता शेतकऱ्याने खिडकीशी बसून पाहावा असा आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. जमीन काळी, खोल, पाहताना मन भरावे अशी. पण विहीर खोदली तर पाणी खारे. त्या पाण्यावर बागायत करणे म्हणजे जमिनीची हळूहळू माती करणे. इथला शेतकरी कपाशी, तूर, सोयाबीन घेतो आणि हरभरा ओलीवर काढतो. मात्र जसजसे डोंगराकडे सरकावे तसतसा रंग पालटतो. पायथ्याला पाणी गोडे, विहिरींना झरे, आणि सोनाळा-जामोदच्या बाजूला संत्र्याच्या बागा. एकाच मुलखात दोन नशिबे. पुढे जे सांगायचे आहे त्याचे मूळ ह्या दोन नशिबांत आहे.

गावात चार माणसे जमतात ती कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर. बियाण्याची पिशवी घ्यायला आलेला माणूस तासभर तरी उठत नाही. ह्या खेपेस विषय पावसाचाही नव्हता आणि भावाचाही नव्हता. "साहेब, आमच्या जामोदले रेल्वे येते म्हन्तात, खरं हाये का?" असे एका वयस्क शेतकऱ्याने विचारले आणि सारे बाकडे माझ्याकडे पाहू लागले. तेवढ्यात दुसरा म्हणाला, "भेंडवळच्या घटात रेल्वे मांडत नाहीत बाप्पा, नाहीतर तवाच समजलं असतं." अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीसाठी प्रसिद्ध असलेले भेंडवळ ह्याच तालुक्यातले. त्या भाकितांविषयी कृषी खात्याच्या माणसाने काय बोलावे! मी हसून सोडून दिले.

ही रेल्वे कुठली, ते आधी सांगतो. अकोल्याहून अकोट, हिवरखेड, धूळघाटावरून खंडव्याला जाणारी मीटरगेजची छोटी लाईन आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. धूळघाटापाशी रूळ डोंगराला वेढा घालून आपल्याच खालच्या रुळावरून वर चढत. लोक त्याला 'चार का आकडा' म्हणत. जयपूरहून हैदराबादकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस ह्याच मार्गाने धावे. ओंकारेश्वराला जाणारा वऱ्हाडातला भाविकही हीच गाडी धरी. रुंदीकरणासाठी जानेवारी 2017 पासून ही लाईन बंद झाली. अकोला ते अकोट मोठी लाईन होऊन नोव्हेंबर 2022 मध्ये त्यावर प्रवासी गाडी सुरू झाली. खंडव्याच्या बाजूनेही काम पुढे आले. मधला अकोट ते आमला खुर्द हा जवळपास 78 किलोमीटरचा तुकडा मात्र मागे राहिला, कारण जुना मार्ग मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून जातो. देशातले पहिले व्याघ्र प्रकल्प 1973-74 मध्ये झाले, त्यांत मेळघाट होते. छोटी गाडी हळू चाले आणि मोजक्याच फेऱ्या करी. मोठ्या लाईनवर वेगाने मालगाड्या धावू लागल्या तर जंगली जनावरांचे काय होणार, असा प्रश्न निघाला. 2020 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून मार्ग जंगलाबाहेरून न्यावा असे सुचविले. जुन्याच वाटेने गाडी न्या म्हणणारेही होते, आणि त्यांच्याकडे कारण होते: धूळघाट-वानरोडच्या आदिवासी गावांना दुसरे वाहनच नव्हते.

बाहेरचा मार्ग म्हणजे अडगाव, हिवरखेड, सोनाळा, जामोद, कुंवरदेव, खकनार आणि पुढे तुकईथड. नकाशावर ही नावे बोटाने जोडत गेलात की ध्यानात येईल, ती सारी सातपुड्याच्या पायथ्याची आहेत. खारपाणपट्टा बाजूला राहतो आणि रूळ गोड्या पाण्याच्या जमिनीतून जातात.

म्हणून बाकड्यावर दोन तट पडले होते. गावातले व्यापारी आणि शिकलेले तरुण म्हणत, रेल्वे आली की गाव वाढेल. त्यांच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. मुंबईची लोहमार्गाची शाखा 1867 मध्ये नागपूरला पोचली. खामगाव वाटेवर नव्हते, पण कापसाची पेठ मोठी. तेव्हा जलंबपासून खामगावपर्यंत तेराएक किलोमीटरचा फाटा टाकून 1870 मध्ये गाडी सुरू केली. पूर्णेच्या अलीकडचे नांदुरा, मलकापूर, शेगाव रुळाला लागून वाढत गेले. पलीकडचे जळगाव जुने तालुक्याचे गाव असून मागे राहिले. पुढे खामगाव-जालना रेल्वेसाठी कितीतरी पिढ्या मोर्चे निघाले आणि सर्वेक्षणे झाली. तेव्हा कागदावर का होईना, जामोदचे नाव आल्याने तरुणांना उमेद वाटावी यात नवल नाही. संत्रा थेट दिल्लीकडे जाईल, खंडवा-इंदूरची पेठ जवळ येईल, पोरे शिकायला जातील. रस्त्याकडेला शेतात चुन्याने रंगवलेले दगड रोवून प्लॉट पाडलेले दिसतात, तेही ह्याच उमेदीवर. स्टेशन कुठे होणार हे ठरण्याआधी स्टेशनजवळचे प्लॉट विकले जातात, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. संसाराला ठेवलेला पैसा त्यात घालताना दहादा विचार करावा.

दुसरा तट बागायतदारांचा. एकजण म्हणाला, "साहेब, खाऱ्या पट्ट्यातून नेली असती तं आमी सोता हार घातला असता. इथं विहीर जाते, बाग जाते. संत्र्याचं झाड काय पोतडीत घालून दुसरीकडं लावाचं?" त्याचे म्हणणे खोटे नाही. संत्र्याची कलम लावल्यापासून बहार धरेपर्यंत पाच-सहा वर्षे जातात, आणि पुढे वीस-बावीस वर्षे ते झाड घर चालवते.

जमीन जाणारच असेल तर मोबदला कसा ठरतो, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक पाहिजे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात जमिनीचा बाजारभाव काढतात, तो मुख्यत्वे शिवारातल्या मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांवरून आणि सरकारी दरपत्रकावरून. ग्रामीण भागात त्या भावाला एक ते दोनपर्यंतचा गुणक लावतात. त्यात विहीर, झाडे, घर, पाइपलाइन यांची किंमत मिळवतात आणि जेवढी बेरीज होते तेवढीच रक्कम दिलासा म्हणून वर देतात. यातली मेख अशी की मुद्रांक शुल्क वाचावे म्हणून आपण खरेदीखतात भाव कमी लिहितो, आणि तोच कमी भाव पुढे साऱ्या शिवाराच्या गळ्याला लागतो. दुसरी मेख सातबाऱ्याची. बाग उभी आहे, पण उताऱ्यावर पड किंवा कपाशी. विहीर तीस वर्षांची, पण नोंद नाही. ई-पीक पाहणीने 2021 पासून पिकाची नोंद मोबाइलवरून शेतकऱ्यालाच करता येते. झाडांची संख्या, जात आणि विहीर ह्यांच्या नोंदी मोजणीची माणसे येण्याआधी बघून घ्याव्या, मागाहून तलाठ्याच्या पायऱ्या झिजवून उपयोग होत नाही. भावाभावांतले वाटपही कागदावर आणावे. मोबदल्याच्या वेळी बहिणींची नावे आठवतात आणि घरे फुटतात.

पण मला स्वतःला जमिनीपेक्षाही पाण्याची चिंता अधिक वाटते, आणि बाकड्यावर हा विषय मीच काढला. 22 जुलै 2023 ला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत जो पाऊस कोसळला तो इथले कोणी विसरलेले नाही. डोंगरावरून सुटलेले पाणी नाले सोडून शेतांतून धावले. जमिनी खरडून गेल्या, वरची माती गेली आणि खाली मुरूम-दगड उरले. सातपुड्याचे सारे नाले उत्तरेकडून दक्षिणेला पूर्णेकडे उतरतात. नवा लोहमार्ग पूर्वेकडून पश्चिमेला पायथ्याने यायचा. म्हणजे तो प्रत्येक नाल्याला आडवा. रुळांचा भराव पुरुषभर उंच झाला तर तो मैलोगणती लांबीचा बांधच म्हणायचा. त्याला मोऱ्या पुरेशा आणि योग्य जागी ठेवल्या नाहीत तर वरच्या अंगाची शेते तुंबतील, आणि मोरीतून जोराने सुटलेले पाणी खालच्या शेतात नवी घळ पाडील. उताराच्या जमिनीत आडवा बांध घालताना सांडवा कुठे ठेवायचा, हे आपण मृदसंधारणाच्या कामात पहिल्या दिवशी शिकतो. रेल्वेचे अभियंते पाण्याचा हिशेब करतातच, पण 22 जुलैला पाणी कोणत्या बांधावरून गेले आणि कोणत्या झाडापर्यंत चढले, हे ज्याच्या शेतात ते शिरले त्यालाच माहीत. म्हणून मी सुचविले की ग्रामसभेने गावनकाशावर त्या दिवसाच्या पाण्याच्या वाटा आखाव्या, खाली सह्या कराव्या आणि ठरावासोबत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्याव्या. एका तरुणाने तिथेच मोबाइलवर त्या दिवसाचे फोटो दाखवायला सुरुवात केली. प्रत्येकाकडे असे फोटो आहेत.

अशा गोष्टी परगावच्या, परमुलखाच्या लोकांनाही चुकत नाहीत. अमेरिकेत कॅन्सस सिटी नावाचे मध्यम शहर आहे, भोवती गव्हा-मक्याचा मुलूख. तिथल्या ट्रामगाड्या 1957 मध्ये बंद झाल्या, कारण घरोघरी मोटारी आल्या. मग रस्ते तुंबले. अखेर मध्यवस्तीतल्या रहिवाशांनी 2012 मध्ये मतदान करून नव्या ट्रामसाठी स्वतःवर कर बसवून घेतला आणि 2016 मध्ये ट्राम पुन्हा धावू लागली. हे ऐकून एकजण म्हणाला, "म्हंजे आंदीच उखडली नसती तं?" त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. छोटी लाईन आठवून सगळेच थोडा वेळ गप्प झाले.

मग बोलली ती एक मावशी. मघापासून ती खताच्या पावतीसाठी उभी होती. "तुमची रेल्वे येईन तवा येईन. माह्या नातीले सकाळच्या कॉलेजले नांदुऱ्याले जा लागते. एस.टी.त पाय ठेवाले जागा नसते." बायकांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट झाले; त्याने लेकी-सुना बाहेर पडू लागल्या, आणि गर्दीही तितकीच वाढली. जळगाव जामोदला एस.टी.चे आगार आहे. सकाळी वाढीव गाडी मागण्यासाठी ना वाघाचा प्रश्न येतो, ना भूसंपादनाचा. मी तिला म्हटले, कॉलेजच्या मुलींची नावे आणि वेळा लिहून अर्ज करा. ती म्हणाली, "लिहाले नात हाये. देवाले कोन जाईन, ते सांगा." त्यावर बाकड्यावरचे दोघेजण उठले. एकाने आगारप्रमुखांकडे जायचे कबूल केले, आणि दुसरा म्हणाला, ग्रामसभेचा ठराव आणि हा अर्ज एकाच दिवशी लिहू.