जपानची दैनंदिनी : ओकायामाची कोराकुएन बाग

सकाळ. ओकायामा स्थानकासमोरची ट्राम शिरोशिता थांब्यावर सोडते; तिथून असाही नदीकाठाने दहाएक मिनिटे चालले की कोराकुएन येते. नदीच्या मधल्या बेटावर 13 हेक्टरांहून अधिक जागेत ही बाग पसरली आहे. कानाझावाची केन्रोकुएन, मितोची काइराकुएन आणि ही कोराकुएन, या तिघींना जपानमधल्या सर्वश्रेष्ठ बागा मानतात. ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने 1687 मध्ये आपला कारभारी त्सुदा नागातादा याच्याकडे हे काम सोपवले आणि 1700 मध्ये बाग आकाराला आली. पाहुण्यांची सरबराई इथे होई. ठरावीक दिवशी रयतेलाही आत येता येई. 1884 मध्ये ती प्रांताच्या ताब्यात आली आणि सर्वांना खुली झाली.

दरवाजातून आत येताच लागते ते एन्योतेई, म्हणजे सरदाराच्या बैठकीचे घर. त्याच्या ओसरीवरून हिरवळ, तळे, टेकडी आणि पलीकडचे मिसाओ डोंगर एका दृष्टिक्षेपात येतात. बाहेरचे डोंगर बागेचेच वाटावेत अशी ही आखणी आहे. जवळच लाल टोपीचे तांचो क्रौंच पाळले आहेत. युद्धानंतर इथले क्रौंच संपले होते. तरुणपणी ओकायामात शिकलेले चिनी साहित्यिक कुओ मो-रो यांनी 1956 मध्ये दोन पक्षी भेट दिले आणि ही परंपरा पुन्हा सुरू झाली.

दुपार. सावा तळ्याच्या कडेने वाट पुढे जाते. मूळची बाग सपाट होती. जेमतेम सहा मीटर उंचीची युइशिन टेकडी त्सुनामासाच्या मुलाने, त्सुगुमासाने नंतर रचून घेतली. एवढ्याशा चढानेही सगळी बाग नजरेखाली येते.

टेकडी उतरल्यावर लागणारे र्‍युतेन मात्र सावकाश पाहावे. दुमजली लाकडी घर, तळमजल्याला भिंती नाहीत आणि जमिनीच्या ऐन मधोमध झुळझुळ पाण्याची धार वाहते. धारेत वेगवेगळ्या रंगांचे सहा दगड ठेवले आहेत. पाणी त्यांना वळसा घालून पुढे सरकते, दोन्ही बाजूंच्या लाकडी फळ्यांवर माणसे टेकलेली असतात. हाच ओहोळ पुढेमागे वळणे घेत सुमारे 640 मीटर बागभर फिरतो. 29 जून 1945 च्या बॉम्बहल्ल्यात एन्योतेईसकट बरेच काही जळाले, र्‍युतेन वाचले. पुढची डागडुजी जुन्या चित्रांच्या आधारे झाली. हे चित्रांचे दप्तर जपले गेले नसते, तर आजची बाग केवळ अंदाजाने उभी राहिली असती.

पुढे भातखाचर आणि चहाचा मळा. जुन्या काळी बागेत शेती आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होती. आता उरलेल्या खाचरात जूनमध्ये लावणी होते, चिखलात उभे राहून हातानेच. सरदाराच्या विरंगुळ्याच्या जागेत भाताचा वाफा ठेवणे, हेच कोराकुएनचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. बाकीच्या नामांकित बागा डोळ्यांना सुखावतात. ही बाग पोट भरणार्‍या जमिनीलाही सौंदर्यात जागा देते.

संध्याकाळ. दक्षिण दरवाजातून त्सुकिमी पूल ओलांडला की काळ्या भिंतींचा ओकायामा किल्ला. मूळ बालेकिल्लाही त्याच 1945 च्या आगीत गेला. आजचा 1966 मधला काँक्रीटचा आहे.

पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, कोराकुएनच्याच धर्तीवर उभारले आहे. ते पाहिलेल्यांना इथल्या टेकड्या, तळी आणि वळणावळणाचा ओहोळ लगेच ओळखीचे वाटतील. ओकायामात उतरणार्‍यांनी दोन गाड्यांमधल्या तासात ही बाग उरकू नये. निदान अर्धा दिवस राखावा, आणि त्यातला बराचसा वेळ र्‍युतेनला द्यावा.