खोटा हेर, खरा धोका

हेरगिरीच्या विनोदी चित्रपटातला हेर बावळट असला तरी चालतो. त्याच्या जिवावर उठलेली माणसं बावळट असून भागत नाही. मी संकलक आहे. खलनायकच विदूषक निघाला, तर कात्री कुठेही चालवा, हशा येत नाही.

या प्रकारातला माझा सर्वांत लाडका चित्रपट फ्रेंच आहे, १९७२चा 'द टॉल ब्लाँड मॅन विथ वन ब्लॅक शू'. गुप्तहेर खात्याच्या प्रमुखाला आपल्याच हाताखालच्या महत्त्वाकांक्षी अधिकाऱ्याची जिरवायची असते. म्हणून विमानतळावरून कुणीतरी एक माणूस निवडला जातो: दोन पायांत दोन वेगळे बूट घातलेला व्हायोलिनवादक. हाच बडा हेर, अशी आवई उठते. पाळतीवरचे लोक त्याच्या प्रत्येक साध्या हालचालीत गूढ अर्थ शोधतात, एकमेकांना गोळ्या घालतात. पिएर रिशारचा हा भोळा वादक मात्र आपल्याच तंद्रीत. त्याने विनोद करायचा प्रयत्नच केलेला नाही. म्हणून तर हसू येतं.

'जॉनी इंग्लिश' (२००३) इतका नेटका नाही. पण त्यात दोन सारख्या दिसणाऱ्या टोलेजंग इमारती आहेत. हेर झालेला अॅटकिन्सन भलत्याच इमारतीवर उतरतो आणि शत्रूचा अड्डा समजून इस्पितळात बंदूक रोखतो. मुंबईतल्या आमच्या काळाचौकीत हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. तिथल्या एकसारख्या इमारतींच्या अभ्युदयनगरात नवखा पाहुणा चुकीच्या इमारतीत शिरून "काका आहेत का?" विचारतो, आणि आतून "या, बसा" येतं.

हेरगिरीच्या विनोदी चित्रपटांचं दुखणं शेवटच्या अर्ध्या तासात. विनोदाला अख्खं अंग दिसेल अशी चौकट लागते, थोडा रेंगाळणारा शॉट लागतो. पाठलागाला हवेत तुकडे. 'गेट स्मार्ट'मध्ये (२००८) गाडी, विमान, आगगाडी सगळं धावू लागतं आणि स्टीव्ह कॅरेलचा चेहरा त्या धावपळीत हरवतो. खर्च दिसतो, माणूस दिसत नाही. निर्मात्याला हे पटवणं कठीण, कारण ट्रेलर त्या धावपळीतूनच कापायचा असतो.

मराठीत हेर नसले तरी सोंग कसं निभवायचं हे 'अशी ही बनवाबनवी'ने (१९८८) दाखवलं. खोटी नावं, वेषांतर, क्षणोक्षणी उघडं पडायची भीती, सगळा हेरपटाचा माल. लेखक वसंत सबनीसांनी पणाला काय लावलं? जीव नाही, राहती जागा. मुंबईकराला त्याहून मोठा धोका सांगायची गरज नाही.

तसाच मराठी हेरपट करायचा, काळाचौकीच्या चाळीत परदेशी हेर आणून ठेवायचा म्हटलं, तर बंदूकधारी शत्रू कशाला? शेजारच्या काकू विचारतील, "गाव कुठलं?" तो पाठ केल्याप्रमाणे म्हणेल, "मालवण." "मालवणात कुठे? कुणापैकी?"

मध्यंतर तिथेच.