खेळातली विधानसभा आणि खरी मुदत

मंडळी, पोस्ट जरा लांबली आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवट आपल्या गावाशी आहे.

'नेशनस्टेट्स' नावाचा एक ऑनलाइन खेळ आहे. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन कादंबरीकारानं तो २००२ साली सुरू केला. प्रत्येक खेळाडू एक देश चालवतो. असे देश एकत्र येऊन प्रदेश बनवतात. बऱ्याच प्रदेशांतले खेळाडू मग स्वतःची राज्यघटना लिहितात, निवडणुका घेतात, कायदे करतात. यात ना पैसे मिळतात, ना बक्षीस. तरी पोरं एकेका कलमावर रात्र-रात्र भांडतात. पुण्यात शिकणारा माझा भाचा आणि त्याचे मित्र अशाच एका प्रदेशात आहेत. जवळपास चाळीस जण. त्यांना विधिमंडळ बनवायचं होतं. "मामा, तुम्ही एकही ग्रामसभा चुकवत नाही, जरा आमचा मसुदा बघा," म्हणाला. महिनाभर फोनवर खल चालला. एरवी राजकारणावरच्या गप्पांत जे सुटून जातं, ते नियम लिहायला बसलं की समोर येतं.

पहिला प्रश्न, मत कुणाला? या खेळात एकच माणूस दहा देश काढू शकतो. म्हणजे बोगस मतदार आलेच. पण खेळातल्या जागतिक सभेत एका माणसाला एकाच देशाचं सदस्यत्व मिळतं. म्हणून आम्ही मत त्या सदस्यत्वाला बांधलं. एक जण म्हणाला, जुन्या खेळाडूंना जास्त मतं द्या, प्रदेश त्यांनी उभा केलाय. मी म्हटलं, आमच्या सोमेश्वर कारखान्याकडं बघ. पन्नास एकर ऊस घालणाऱ्याला एक मत आणि अर्धा एकरवाल्यालाही एकच. सहकार कायदाच तसा आहे. मोठ्याचं वजन सभेत पडायचं ते पडतंच, ते आणखी मतपेटीत कशाला घालायचं?

दुसरा प्रश्न गणपूर्तीचा. चाळीसच माणसं आहेत म्हटल्यावर निवडून कशाला द्यायचे, सगळ्यांचीच सभा करा, असं ठरलं. म्हणजे आपली ग्रामसभाच की! पण ऑनलाइन खेळाची अडचण अशी की तीन महिन्यांत निम्मी पोरं फिरकत नाहीत. मग किती जण हजर असले तर ठराव खरा? आपल्या राज्यघटनेत विधानसभेची गणपूर्ती दहा सदस्य किंवा एकूण सदस्यांच्या एक दशांश, यातलं जे जास्त ते. म्हणजे २८८ च्या सभागृहात २९ आमदार पुरे. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १००, यातलं जे कमी ते. हा फरक नीट बघा. वर जास्तीचा आकडा धरलाय, खाली कमीचा. आणि ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली, तर तेच विषय घेऊन पुन्हा भरणाऱ्या सभेला गणपूर्तीची अटच नाही. नियम करणाऱ्यांनी आधीच धरून चाललंय की आपण येणार नाही.

तिसरा प्रश्न, उद्या चाळीसचे चारशे झाले तर? इथं मी पोरांना औंध संस्थानाची गोष्ट सांगितली. नीरा ओलांडून साताऱ्याकडं गेलं की ते औंध. साधारण ७२ गावांचं छोटं, विखुरलेलं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलिश इंजिनिअर यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं १९३९ साली एक घटना आणली आणि राजानं आपण होऊन सत्ता प्रजेच्या हाती दिली. गावानं पाच पंच निवडायचे, गावांच्या प्रमुखांतून तालुक्याची सभा, आणि तालुक्यांतून वरचं विधिमंडळ. सत्तेचा पाया गावात, कळस वर. १९४८ ला संस्थान विलीन झालं आणि तो प्रयोग थांबला. खेळ म्हणून नव्हे, जितीजागती माणसं घेऊन असं विधिमंडळ आपल्या शेजारीच बांधलं गेलं होतं, हे त्या पोरांना कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं.

आता मुख्य मुद्दा. पोरांच्या मसुद्यात एक वाक्य होतं: "सभापतीचं पद रिकामं झाल्यास लवकरात लवकर निवडणूक घ्यावी." मी तिथंच थांबवलं. लवकरात लवकर म्हणजे कधी?

कारण हाच शब्द आपल्या घटनेत आहे. विधानसभेनं शक्य तितक्या लवकर अध्यक्ष निवडावा, एवढंच तिथं म्हटलंय. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोलेंनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. पुढचे अध्यक्ष राहुल नार्वेकर निवडले गेले ३ जुलै २०२२ ला. सतरा महिने महाराष्ट्राच्या विधानसभेला अध्यक्षच नव्हता.

विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी १२ राज्यपालनियुक्त. मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०२० मध्ये नावं पाठवली. राज्यपालांनी किती दिवसांत निर्णय घ्यावा हे कुठंच लिहिलेलं नाही. ती यादी तशीच राहिली. सरकार बदललं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जागा भरल्या, त्याही वेगळ्या नावांनी.

पक्षांतरबंदीचं तेच. १९८५ ला दहावं परिशिष्ट आलं, २००३ ला एक तृतीयांश फुटीची पळवाट बंद केली. पण अध्यक्षांनी निकाल किती दिवसांत द्यायचा, ते लिहायचं राहिलं. शिवसेनेतली फूट जून २०२२ ची. सर्वोच्च न्यायालय ११ मे २०२३ ला म्हणालं, वाजवी वेळेत निर्णय घ्या. निकाल आला १० जानेवारी २०२४ ला. त्याच वर्षी विधानसभेची मुदत संपली. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, अपात्र कोण हे मतदाराला वेळेत कळायला नको का?

म्हणून पोरांच्या मसुद्यात आम्ही एकच धोरण ठेवलं: प्रत्येक कर्तव्याला तारीख, आणि तारीख चुकली तर आपोआप काय होणार तेही लिहायचं. सात दिवसांत सभापती निवडला नाही, तर सभेतला सर्वांत जुना सदस्य निवड होईपर्यंत सभापती. पाच ओळींचं कलम झालं. त्याच्याशी खेळायला कुणालाही जागा उरली नाही.

पण मुदत लिहिली म्हणजे झालं, असंही नाही. स्थानिक संस्थांची मुदत पाच वर्षं, ती संपण्याआधी निवडणूक, हे घटनेत स्पष्ट आहे. तरी आपल्या पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि २०२३, २०२४, २०२५ ही अख्खी तीन वर्षं तिथं प्रशासक बसला. बारामती पंचायत समितीतही तेच. रस्त्याचं, शाळेच्या खोलीचं गाऱ्हाणं घेऊन जायला आपल्या गणाचा माणूसच नव्हता. खेळात मुदत चुकली की पोरं त्याच रात्री गोंधळ घालतात. आपण तीन वर्षं चहा पीत बसलो.

तेव्हा कोऱ्हाळेकरांना आणि आसपासच्या गावांतल्या मित्रांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या ग्रामसभेला या. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा. प्रत्येक ठरावावर एकच प्रश्न विचारा: हे कोण करणार, आणि कुठल्या तारखेपर्यंत? ती तारीख इतिवृत्तात लिहून घ्या. पुढच्या सभेला तेच पान उघडा. भांडण नको, आवाज चढवायला नको. तारीख लिहिलेली असली की उत्तर द्यावंच लागतं.

आणि पहिल्याच सभेला या, तहकूब झाल्यावर नको.