मर्यादा

काही शब्दांच्या नशिबी जन्मभर दटावण्याचेच काम येते. ‘मर्यादा’ हा त्यांतलाच एक. मुलगी मोठ्याने हसली की घरातले कोणीतरी हा शब्द उच्चारते. सून सासऱ्यांसमोर आपले मत सांगू लागली की पुन्हा तोच. मुलगा रात्री बारा वाजता घरी परतला, तर मात्र हा शब्द कोठे दडून बसतो, कोण जाणे!

शब्दाचे मूळ पाहावे तर नवल वाटते. संस्कृतात मर्यादा म्हणजे सीमा, हद्दीची खूण. यास्काचार्यांनी निरुक्तात त्याची फोड केली ती अशी: ‘मर्य’ म्हणजे माणसे, माणसांनी जी स्वीकारायची ती मर्यादा. आणि वेदांत हा ‘मर्य’ बहुधा तरुण पुरुष असतो! ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सात मर्यादांचा उल्लेख आहे. त्या ओलांडणारी पापे यास्क मोजतात. त्यांत चोरी आहे, हत्या आहे, मद्यपान आहे, पापाबद्दल बोललेले खोटे आहे. मोठ्याने हसणे त्या यादीत नाही.

शेताचा बांध दोघांचा असतो. अलीकडच्याने पलीकडे नांगर घालायचा नाही, तसा पलीकडच्यानेही अलीकडे घालायचा नाही. एकालाच अडवतो तो बांध नव्हे, कोंडवाडा.

गावच्या सोसायटीच्या पाटीवर शेवटी ‘मर्यादित’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ मी वर्गात विचारला, तेव्हा एक मुलगा म्हणाला, “पैसे थोडे आहेत, गुरुजी!” खरा अर्थ निराळा. १९०४ च्या कायद्याखाली निघालेल्या खेड्यांतील पतसंस्थांत सभासदांची जबाबदारी सहसा अमर्यादित असे. संस्था बुडाली तर तिच्या देण्यापायी सभासदाच्या घरादारापर्यंत हात पोचू शके. ‘मर्यादित’ संस्थेत त्याचे नुकसान फार तर त्याच्या भागाच्या रकमेपुरते. म्हणजे येथे मर्यादा पडली आहे ती मागणाऱ्याच्या हाताला, आणि तिने राखले आहे ते गरिबाचे घर.

दिवाळीत घर भरते. लेकी येतात, जावई येतात, फराळाभोवती हसणे-बोलणे रंगते. अशा वेळी कोणाच्या तोंडी हा शब्द आलाच, तर त्याने क्षणभर थांबून पाहावे, की या बांधाच्या दुसऱ्या बाजूला आपणच उभे नाही ना? आणि असलो, तर आपला नांगर कोठवर गेला आहे?