बारभाईंची गाडी

ब्रेक निकामी झाल्यावर ‘द बर्निंग ट्रेन’मधली गाडी सुसाट सुटते आणि चित्रपट मात्र रेंगाळायला लागतो. हे असं का व्हावं?

साल १९८०. निर्माते बी. आर. चोप्रा, दिग्दर्शक त्यांचे चिरंजीव रवी चोप्रा. धर्मेंद्र, विनोद खन्ना, जितेंद्र, हेमामालिनी, परवीन बाबी, नीतू सिंग, विनोद मेहरा, डॅनी. वर राहुलदेव बर्मनचं संगीत. हॉलिवूडने १९७४मध्ये उंच इमारत पेटवली होती, जपान्यांनी १९७५मध्ये बुलेट ट्रेनमध्ये बॉम्ब ठेवला होता. आपल्याकडे आग आणि बॉम्ब दोन्ही एकाच गाडीत चढले. दिल्लीहून मुंबईला निघालेली नवीकोरी सुपर एक्स्प्रेस, आणि ती बनवणाऱ्यावर जळणारा डॅनी. एवढ्या सामानावर प्रेक्षकाने खुर्चीचा हात घट्ट धरायला हवा. तरी बॉक्स ऑफिसवर अपेक्षेइतकं काही पदरात पडलं नाही.

‘बारभाईची खेती, काय लागेल हाती’ असं म्हणून मोकळं होता येतं. प्रत्येक नट आपापला वाटा घेऊन डब्यात चढलाय: धर्मेंद्रची जुनी ताटातूट, जितेंद्रची चोरी, नीतूचं घरातून पळणं. आग लागली तरी कुणी आपला वाटा खाली ठेवत नाही.

पण ही म्हण म्हटली की मला पुरंदर किल्ला आठवतो. ३० ऑगस्ट १७७३ला पेशवे नारायणरावांचा खून झाला, त्यांचे काका राघोबादादा पेशवे झाले, आणि त्यांच्याविरुद्ध सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके अशी मंडळी एकत्र आली. हेच ते बारभाई; बाराच होते की कमी-जास्त, देव जाणे. नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर हलवलं. मुलगा होईल की मुलगी, जगेल की नाही, कशाचाच भरवसा नव्हता. सगळा डाव न जन्मलेल्या जिवावर. १८ एप्रिल १७७४ला सवाई माधवराव जन्मले आणि चाळिसाव्या दिवशी पेशवे झाले. दादांच्या हातून पेशवाई गेली. म्हणजे बारभाईंचं कारस्थान चक्क तडीला गेलं! एवढी मोठी पात्रयोजना असलेला याहून थरारक खेळ मराठी इतिहासात शोधावा लागेल. मग म्हण कोणत्या बारभाईंची?

कदाचित पुढच्या भागातल्यांची असेल. काम झाल्यावर हेच भाऊ एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. त्यांच्यातले मोरोबादादा फिरले आणि कैद झाले. सखारामबापूंचाही शेवट कैदेतच झाला. नाना उरले. धोका डोक्यावर होता तोवर बारा जण एक होते, धोका टळला तसे फुटले, असं म्हणावं तर हिशेब जुळतो.

चित्रपटात मात्र तो उलटा पडतो. तिथे माणसं एकत्र येतात ती आगीच्या आधी, डब्यात रंगलेल्या कव्वालीत. अनोळखी प्रवासी टाळ्या धरतात, रफी-आशाचे आवाज एकमेकांना चिमटे काढतात, आणि डबाभर माणसं खरंच सहप्रवासी वाटतात. थरारपटातला सगळ्यात जिवंत प्रसंग असा की ज्यात थरार औषधालाही नाही! मग आग लागते, आणि टपावर चढायला नायक तेवढे उरतात, बाकीचे किंचाळायला.

मी मनातल्या मनात नट कमी करून पाहतो. जितेंद्र-नीतूला उतरवलं तर कव्वालीही उतरते. हेमामालिनीला उतरवलं तर कथेचं काही अडत नाही, पण धर्मेंद्र मग नुसताच धाडसी उरतो. शाळेच्या मुलांना आणि त्यांच्या बाई झालेल्या सिमी गरेवालला उतरवावं, तर गाडी जळाली काय नि राहिली काय, मला काय त्याचं? डॅनीला हात लावायची माझी तयारीच नाही.

म्हणजे गर्दीला दोष द्यावा, तर एकही प्रवासी फालतू निघत नाही. कदाचित रवी चोप्रांनाही हाच पेच पडला असेल. किंवा नसेलही पडला, आणि खोट निव्वळ कात्रीची असेल. शेवटच्या तासातली वीस मिनिटं कापली असती तर हे पुरंदर-बिरंदर मला आठवलंही नसतं.